तपासणाऱ्याला कोण तपासतं?

मोपाच्या विमानतळावर नातवाला सोडून आम्ही परत निघालो, तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. पत्रादेवीचा नाका ओलांडला, बांदा आलं, आणि मग त्यांनी विचारलं, "तेचा विमान चेक करतत मां रे?"

म्हटलं, करतात तर. डीजीसीए म्हणून दिल्लीत खातं आहे, ते बघतं.

तात्या चाळीस वर्षं मालवणच्या दर्यात तांडेल होते. सरकारी खात्यांवर त्यांचा विश्वास किती, ते मला ठाऊक आहे. थोडं थांबून म्हणाले, "आणि तपासणाऱ्याक कोण तपासता?"

नातू बोटीवर कामाला लागलाय आणि त्याला जाकार्त्यात बोट पकडायची होती. तिकीट एजंटने काढलेलं. मोपा ते मुंबई भारतीय कंपनीचं विमान, मुंबई ते बँकॉक थाई कंपनीचं, तिथून जाकार्त्यापर्यंत इंडोनेशियाच्या कंपनीचं. म्हणजे चोवीस तासांत पोराचा जीव तीन सरकारांच्या हातून जाणार. त्यातल्या एकालाच आपण मत देतो. तात्यांचा प्रश्न म्हणूनच नेमका आहे, आणि त्याचं उत्तर सावंतवाडी येईपर्यंत सांगून संपलं नाही. ते इथे नीट मांडतो.

आधी भीतीचं माप घेऊ. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा दरवर्षी हिशोब काढते. २०२४ साली जगभरात सुमारे चार कोटी सहा लाख उड्डाणं झाली आणि दर दहा लाख उड्डाणांमागे १.१३ अपघात झाले. म्हणजे साधारण आठ लाख ऐंशी हजार उड्डाणांत एक. यात चाक मोडलं, शेपूट घासली, विमानाचं मोठं नुकसान झालं पण माणसं सुखरूप, असेही अपघात धरलेले असतात. माणसं दगावली असे अपघात वर्षभरात सात, त्यांत विमानातली २४४ माणसं गेली. रोज एक विमानप्रवास करणाऱ्याला यातला एखादा अपघात, तोही बहुधा बिनमृत्यूचा, वाट्याला यायला दोन हजार चारशे वर्षं लागतील. मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीला गावी येणाऱ्याने विमानाची भीती बाळगावी, हा तसा विनोदच आहे.

पण हा आकडा जगाचा झाला. प्रत्येक प्रदेशाचा वेगळा, आणि तिथेच गोम आहे. समजा एका वाडीत दहा होड्या आहेत आणि एक बुडाली. दहा टक्के गेल्या, म्हणजे वाडी भयंकर धोक्याची? पुढची पाच वर्षं एकही बुडाली नाही, म्हणजे वाडी सगळ्यात सुरक्षित? दोन्ही चूक. ज्या देशात उड्डाणंच थोडी, तिथे एका अपघाताने दर आभाळाला भिडतो आणि पुढच्या वर्षी शून्यावर येतो. म्हणून 'अपघात झाले की नाही' यापेक्षा 'अपघात टाळायची घडी बसली आहे का' हे बघणं जास्त खात्रीचं. तेच बघायला आंतरराष्ट्रीय तपासणी आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, शिकागोत एक करार झाला. त्यातून पुढे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, तिला आयकाओ म्हणतात. मुख्यालय माँट्रियलला, सदस्य देश १९३. पायलटचं लायसन कसं द्यायचं, धावपट्टी कशी हवी, अपघाताची चौकशी कोणी करायची, या सगळ्याचे किमान नियम ती ठरवते. आपल्याकडच्या बंदरावर वादळी हवेचा तीन नंबरचा बावटा लागला की रत्नागिरीचा असो, वेंगुर्ल्याचा असो की बाहेरून आलेला, प्रत्येक खलाशाला एकच अर्थ कळतो. आकाशातले हे नियम त्याच जातीचे: भाषा कुठलीही असो, खूण एकच.

फरक एवढाच की बावटा लावणारं सरकार एक आहे. आकाशात नियम माँट्रियलला होतात आणि ते पाळून घेण्याचं काम प्रत्येक देशाचं. भारतात डीजीसीए, थायलंडात त्यांचं खातं, इंडोनेशियात त्यांचं. १९९९ पासून आयकाओ या खात्यांचीच तपासणी करते. विमानांची नाही, कंपन्यांची नाही, तपासणाऱ्यांची. तात्यांना पहिलं उत्तर हे दिलं.

ही तपासणी कशी चालते? तपासनीस येऊन विचारतात: कायदा आहे का? खात्याला पुरेसे पैसे आणि माणसं आहेत का? त्या माणसांना प्रशिक्षण मिळतं का? लायसन देताना कोण काय बघतं? दोष सापडला तर पुढे काय करता? शेकडो प्रश्न, आणि त्यांतले किती टक्के समाधानकारक त्यावर गुण. भारताला २०१८ मध्ये ६९.९५ टक्के मिळाले होते. नोव्हेंबर २०२२ च्या तपासणीत ८५.६५ मिळाले आणि क्रमवारीत आपण १०२ वरून ४८ वर आलो. बातम्यांत याचा बराच डंका वाजला. पण हे गुण खात्याच्या व्यवस्थेचे आहेत. तुमच्या अमुक उड्डाणाचा ब्रेक कसा आहे, ते त्यातून कळत नाही. शाळेची इमारत, शिक्षकसंख्या, प्रयोगशाळा तपासून दिलेले गुण म्हणजे पोराचा दहावीचा निकाल नव्हे.

आता महत्त्वाची गोष्ट. आयकाओ कुणाला दंड करत नाही, विमानतळ बंद पाडत नाही. ती फक्त नाव जाहीर करते. मग बाकीचे देश त्या देशाला वाळीत टाकतात. (वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात आता कायद्याने गुन्हा आहे. आकाशात अजून चालतं, आणि कामही करतं.)

आपल्यालाही हे भोगावं लागलंय. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान खात्याने, म्हणजे एफएएने, भारताला दुसऱ्या श्रेणीत ढकललं. मुख्य दुखणं असं की डीजीसीएकडे उड्डाण तपासणारे स्वतःचे पूर्णवेळ तपासनीस पुरेसे नव्हते; कंपन्यांचेच पायलट उसने घेऊन कंपन्या तपासल्या जात. चोराच्या हाती किल्ल्या असं मी म्हणणार नाही, कारण ते पायलट चोर नव्हते. पण ज्याचं मीठ खायचं त्याची झडती घ्यायची, हे कुणालाच जमत नाही. शिक्षा म्हणून भारतीय कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं बंद. खात्याने तपासनीस भरले, आणि एप्रिल २०१५ मध्ये आपण परत पहिल्या श्रेणीत आलो.

नातवाच्या वाटेवरच्या दुसऱ्या देशाचंही तेच. जून २०१५ मध्ये आयकाओने थायलंडच्या नावापुढे लाल बावटा लावला, कारण कंपन्यांना परवाने देताना नीट तपासणीच झाली नव्हती. जपान आणि दक्षिण कोरियाने थाई कंपन्यांची नवी उड्डाणं अडवली. पर्यटनावर पोट असलेल्या देशाला हा घाव मोठा होता. त्यांनी जुनं खातं मोडून नवं केलं, कंपन्यांची पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये बावटा उतरला.

इंडोनेशियावर मात्र थोडं थांबू, कारण तात्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

हजारो बेटांचा देश. एसटीऐवजी विमानंच गावोगाव जातात म्हणा ना. २००७ च्या सुरुवातीला तिथे लागोपाठ दोन मोठे अपघात झाले. त्या वर्षीच्या जुलैत युरोपीय संघाने इंडोनेशियाच्या सगळ्या विमान कंपन्यांना युरोपबंदी केली. सरसकट, चांगल्या-वाईटाचा निवाडा न करता, कारण त्यांचा आक्षेप कंपन्यांपेक्षा तपासणाऱ्या खात्यावर होता. २००९ पासून एकेक कंपनी सुटत गेली. २०१७ च्या आयकाओ तपासणीत देशाला ऐंशी टक्क्यांवर गुण मिळाले, जगाच्या सरासरीहून जास्त. जून २०१८ मध्ये उरलीसुरली बंदीही उठली. अकरा वर्षांची मेहनत.

आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं विमान जाकार्त्याहून उडून काही मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली.

झालं, "तो देशच तसला" असं म्हणायला सगळे मोकळे. पण इंडोनेशियाच्या चौकशी समितीने धागा धरून ओढला आणि तो पार अमेरिकेपर्यंत गेला. विमान नवंकोरं बोईंग ७३७ मॅक्स होतं. त्यात एक नवी यंत्रणा होती: विमानाचं नाक फार वर गेलंय असं वाटलं की आपणहून ते खाली दाबायची. तिला ही खबर देणारा सेन्सर एकच. तो चुकला तर सगळंच चुकलं, आणि पायलटांच्या पुस्तकात या यंत्रणेचा उल्लेखही नव्हता. तो सेन्सर आदल्या दिवशी बालीत बदलला होता. बसवलेला सेन्सर फ्लोरिडाच्या एका वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आलेला, आणि तिथेच त्याचं माप बिघडलं होतं. आदल्या रात्री बाली ते जाकार्ता याच विमानाने हाच त्रास दिला. कॉकपिटमध्ये योगायोगाने बसलेल्या तिसऱ्या पायलटमुळे निभावलं. पण खाली उतरल्यावर नोंदवहीत ती गोष्ट पुरती लिहिली गेली नाही, आणि सकाळी विमान पुन्हा उडालं.

चुका इंडोनेशियाच्या होत्या, नाही कुठे म्हणतोय? पण ही यंत्रणा ठीक आहे असा शिक्का कुणी मारला? एफएएने. चार वर्षांपूर्वी आपल्याला खालची श्रेणी देणाऱ्या त्याच एफएएने. तिने तपासणीतलं बरंचसं काम बोईंगच्याच माणसांवर सोपवलं होतं. कंपनीची माणसं घेऊन कंपनी तपासायची, हा आपल्यावरचाच आक्षेप ना?

१० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तसंच दुसरं विमान पडलं, १५७ गेले. दुसऱ्या दिवशी चीनने मॅक्स विमानं जमिनीवर बसवली. पाठोपाठ युरोप आणि भारतासह बरेच देश. एफएएने १३ मार्चला, सर्वांत शेवटी म्हणावं इतक्या उशिरा. तोवर जगाची रीत अशी होती की विमान ज्या देशात बनलं त्याच्या खात्याने शिक्का मारला की बाकीच्यांनी मान डोलवायची. त्या आठवड्यात ती रीत मोडली. तपासणाऱ्याला कोण तपासतं? त्या वेळी तरी, शेजाऱ्यांनी तपासलं.

शेजाऱ्यांची गरज आपल्या दर्यात कुणाला वेगळी सांगायला नको. समुद्र एक, सरकारं तीन. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ज्या त्या राज्याचे. पूर्वी मासेमारीबंदीच्या तारखाही राज्याराज्यांत वेगवेगळ्या असत. एका राज्याची होडी किनाऱ्याला ओढलेली आणि दुसऱ्याचा ट्रॉलर जाळं टाकतोय, यावरून मालवणात किती भांडणं झाली ते तात्यांना विचारा. आता पश्चिम किनाऱ्यावर या तारखा बऱ्याचशा जुळल्या आहेत. तरी पकडायला गस्तीची बोट कुणाकडे किती, हा प्रश्न उरतोच. नियम एक होणं सोपं, राबवण्याची ताकद सारखी होणं अवघड. विमानांच्या जगातही अडतं ते इथेच.

आशिया-पॅसिफिक नावाचा जो पट्टा आयकाओ आपल्या बँकॉकच्या कार्यालयातून सांभाळते, त्यात जपान आणि सिंगापूर आहेत, भारत-चीनसारखे अवाढव्य देश आहेत, आणि मालवण तालुक्याएवढीही वस्ती नसलेली पॅसिफिकमधली बेटं आहेत. त्या बेटांनी कुठून आणायचे तपासनीस? अनुभवी पायलटला कंपनी जो पगार देते, तो सरकारी खातं कधीच देऊ शकत नाही. हे भारतातही खरं आहे. मग त्या बेटांनी शहाणपणा केला. वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला इथे सामायिक कार्यालय काढलं, तपासनीस वाटून घेतले. चार घरांत मिळून एक पॉवर टिलर, तसं.

दक्षिण आशियातही असा सहकाराचा कार्यक्रम नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव असे सात देश. पण युरोपची जशी सगळ्यांना बांधणारी एक सुरक्षा संस्था आहे, तशी आपल्याकडे नाही. नेपाळच्या कंपन्यांवर २०१३ च्या डिसेंबरात युरोपने बंदी घातली. तिथलं मुख्य दुखणं म्हणजे विमानतळ चालवणारं आणि त्यांवर देखरेख करणारं खातं एकच. पाकिस्तानात २०२० च्या जूनमध्ये खुद्द विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की बऱ्याच पायलटांची लायसनं संशयास्पद आहेत. युरोपची दारं त्यांच्या सरकारी कंपनीला २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आशिया-पॅसिफिकच्या मंत्र्यांची परिषद झाली, सुरक्षेत एकमेकांना हात देण्याचा जाहीरनामा निघाला. पुढच्या एप्रिलात भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. सहकार्याच्या कागदाला राजकारणाचा पाऊस लागतोच.

हा पाऊस लागला तरी कागद फेकून देता येत नाही, याचं कारण हरियाणातलं चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून उडालेलं सौदी विमान वर चढत होतं, कझाकस्तानचं विमान त्याच मार्गाने उतरत होतं. एकाला चौदा हजार फुटांवर थांबायचं होतं, दुसऱ्याला पंधरा हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसं, एकही वाचलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मार्ग एकच होता, दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, आणि कझाक वैमानिकांचं इंग्रजी रेडिओवाल्या सहकाऱ्याच्या तोंडून चालत होतं. मेलेल्यांत बहुतेक कामासाठी आखाताकडे निघालेले भारतीय. त्यांचं विमान कुठेही चुकलं नव्हतं. त्यानंतर मार्ग वेगळे झाले, रडार बदललं, समोरून विमान येतंय हे ओरडून सांगणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. रेडिओवर बोलण्यापुरतं इंग्रजी प्रत्येक आंतरराष्ट्रीय पायलटला आलंच पाहिजे, हा आयकाओचा नियम २००८ मध्ये लागू झाला.

जहाजांच्या जगात हे शेजारधर्माचं काम आणखी रुळलेलं आहे. परदेशी बोट बंदराला लागली की तिथलं सरकार चढून तपासू शकतं, दोष असला तर अडकवून ठेवू शकतं, आणि ती माहिती शेजारच्या देशांना मिळते. हिंदी महासागरातल्या देशांचा असा करार १९९८ मध्ये झाला. त्याचं सचिवालय कुठे आहे? गोव्यात. तात्यांना हे सांगितलं तर ते सरळ होऊन बसले. "आमच्या बाजूक?"

एवढं सगळं करूनही काही गोष्टी तपासणीत सापडत नाहीत. २२ मे २०१० रोजी मंगळूरला, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या खालच्या टोकाला, दुबईहून आलेलं विमान धावपट्टी संपवून दरीत गेलं. १५८ गेले, आठ वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात कोळिकोडला तसंच, २१ जण गेले. दोन्ही धावपट्ट्या टेकडी सपाट करून केलेल्या. सड्याचं टोक म्हणजे काय, ते कोकणी माणसाला समजावावं लागत नाही. दोन्हीकडे विमान उतरताना नीट बसलेलं नव्हतं, आणि दोन्हीकडे सहवैमानिकाने 'पुन्हा वर घेऊ' असं सुचवलं होतं. कॅप्टनने ऐकलं नाही, किंवा ऐकेपर्यंत धावपट्टी संपत आली होती. विमान परत वर घेतलं म्हणून पायलटला कुणी जाब विचारायचा नाही, असा आता नियम आहे. पण जाब विचारला जाणार नाही यावर विश्वास बसायला नियमापेक्षा जास्त काहीतरी लागतं.

मी तात्यांना विचारलं, तुमच्या होडीवर खलाशी 'परत फिरूया' म्हणायचा का?

त्यांनी खिडकीबाहेर बघत विचार केला. "म्हणायचो," ते म्हणाले, "पण हळू."

नातवाचा दुसऱ्या दिवशी जाकार्त्याहून मेसेज आला, पोचलो.

जुलैत बहीण मुंबईहून चिपीला यायची होती. सड्यावर ढग इतके उतरलेले की समोरचा दिव्याचा खांब दिसेना. विमान दोन घिरट्या घालून मोपाला गेलं. बाहेर थांबलेल्या लोकांनी तिथल्या पोराला फैलावर घेतलं: एवढं जवळ येऊन उतरवत नाही म्हणजे काय, पैसे कसले घेता. मीही वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू. तात्यांना फोन केला, म्हटलं उशीर होईल, मोपाला जावं लागणार.

"बावटो लागलो आसतलो," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवला.